खिशातला चाकू: पहिला कोणता घ्यायचा, धार कशी राखायची आणि तो घरी कधी ठेवायचा

दिवसभरात कापायचं काम किती वेळा पडतं, हे खिशात चाकू आल्याशिवाय लक्षात येत नाही. कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, तांदळाच्या पोत्याची शिवण, सदऱ्याचा लोंबता दोरा, सॅकच्या पट्ट्याचं उसवलेलं टोक, ऑफिसात कुणीतरी गावाहून आणलेले पेरू. एरवी ही कामं आपण किल्लीने नाहीतर दाताने उरकतो. मग खोक्यातल्या वस्तूवर ओरखडा येतो किंवा दाताचा टवका उडतो.

घडीचा चाकू मी बरीच वर्षं खिशात बाळगतोय. भाचरं, मित्र आणि ट्रेकच्या ग्रुपमधली नवी मुलं मला फिरून फिरून तेच विचारतात: कोणता घेऊ, पोलिसांनी हटकलं तर, धार गेली की काय करू? त्याची उत्तरं इथे क्रमाने लिहितो. माझं मत आधीच सांगून ठेवतो. पहिला चाकू लहान घ्या, खटक्याचा अजिबात घेऊ नका आणि चाकूसाठी काढलेल्या पैशांतले थोडे धारेच्या दगडासाठी राखून ठेवा.

१. आधी कामं टिपा, मग दुकान बघा

आठवडाभर मोबाइलमध्ये नोंद करा: आज काय कापायला लागलं, कशाचा स्क्रू फिरवायला लागला, काय उचकटायला लागलं. बहुतेकांच्या यादीत खोकी, पिशव्या, सुतळी, फळं आणि एखादा स्क्रू एवढंच निघतं. त्याला दोन-अडीच इंचांचं पातं पुरतं. फोटो पाहून मोह होतो तो चार इंची, काळ्या रंगाच्या, जाडजूड चाकूचा. पण त्या जाड पात्याने सफरचंद कापलं जात नाही, दुभंगतं. चांगलं कापण्यासाठी पातं पातळ लागतं.

यादीत कात्रीची कामं जास्त निघाली, म्हणजे दुधाची पिशवी, औषधाची पट्टी, नखं, दोरे, तर चाकूबरोबर कात्रीही असलेलं मॉडेल घ्या. स्क्रूची कामं जास्त असतील तर फुलीचा पेचकस असलेलं घ्या. आणि रोज पक्कड लागत असेल तर तुमची गरज चाकूची नसून मल्टिटूलची आहे. टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला पक्कड आणि चाकू एकत्र असलेलं जे हत्यार बाजारात आणलं, त्याच घराण्यातलं काहीतरी बघा. ते वजनाला जड असतं. खिशापेक्षा बॅगेत किंवा गाडीच्या डिकीत बरं.

२. कायदा काय म्हणतो

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. खरेदीआधी वाचायचा तो यासाठी की कोणता चाकू घ्यायचा हे निम्मं इथेच ठरतं.

देशभर शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंक्तीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आपण ज्या दोन-अडीच इंची घडीच्या चाकूबद्दल बोलतोय तो या मापाच्या आसपासही नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशात शस्त्रं, तलवारी, भाले, लाठ्या यांच्याबरोबर चाकूचं नाव स्पष्ट असतं. शिवाय इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात येते. सण, मोर्चे, निवडणुका अशा दिवसांत हे आदेश वारंवार निघतात. ते बहुधा ठरावीक मुदतीचे असतात, पण मुदत संपली की नवा आदेश निघू शकतो. मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. पेपरात ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ अशी छोटी बातमी असते, ती वाचायची सवय लावा. आदेश चालू असेल तर चाकू घरी ठेवा. तिथे वाद घालायला जागा नाही.

दिल्लीत नोकरीला किंवा शिकायला असाल तर आणखी जपा. तिथे १९८० पासून बटनदार, गरारीदार (दातेरी चक्रावर कटकट करत उघडणारे) आणि स्प्रिंगवर उघडणाऱ्या चाकूंविषयी वेगळी अधिसूचना आहे. पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल, तर शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभं राहतं.

खटक्याचा चाकू नको, असं मी म्हणतो त्याचं कारण हेच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा रामपुरी हा कारागिरीचा उत्तम नमुना आहे आणि त्या शहराला त्याचा अभिमानही आहे. २०२३ मध्ये तिथल्या एका चौकात रामपुरीची वीसेक फुटी प्रतिकृती उभारली. तरीही तपासणीत खिशातून रामपुरी निघाला तर ‘पेरू कापायला ठेवलाय’ हे कुणाला पटणार नाही. लाल मुठीचा, कात्री आणि दातकोरणी असलेला छोटा चाकू पाहिला की समोरच्याला त्याचं काम लगेच कळतं. पोलिसांनी विचारलं तर शांतपणे, खरं ते सांगा. हातात धरून उघडून दाखवायला जाऊ नका. मिटलेला त्यांच्या हातात द्या.

३. घडी कशी आहे ते बघा

घडीचे चाकू ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारात पाठीमागच्या स्प्रिंगच्या ताणावर पातं उघडं राहतं आणि जोर दिला की मिटतं. स्विस चाकू बहुतेक असेच असतात. दुसऱ्या प्रकारात पातं उघडल्यावर अडकतं आणि काहीतरी सोडवल्याशिवाय मिटत नाही.

नवख्या माणसाने पहिला प्रकार घ्यावा. कुलूप असलेल्या चाकूवर माणूस नको तेवढा विसंबतो. बिनकुलपाच्या चाकूचा नियम मात्र पक्का लक्षात ठेवा: टोकाने भोसकायचं नाही, उचकटायचं नाही. टोकावर दाब आला की पातं बोटांवर मिटू शकतं. कापताना दाब नेहमी धारेच्या बाजूने, म्हणजे पातं उघडंच राहील असा असू द्या.

कुलपाच्या चाकूंत पाठीवर खाच दाबायची असते, आतली पोलादी पट्टी अंगठ्याने सरकवायची असते किंवा ओपिनेलसारखी गळ्याशी कडी फिरवायची असते. पट्टीवाल्यात मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पातं थोडं झुकवून अंगठा काढून घ्यायचा आणि मगच पूर्ण मिटायचं. टीव्ही बघताना दहा-पंधरा वेळा सावकाश सराव केला की हाताला वळण लागतं.

४. माझ्या पसंतीचे चाकू

*स्विस, ९१ मिलिमीटर (मिटल्यावरची लांबी).* कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कारखाना काढला. १८९१ पासून ते तिथल्या सैन्याला चाकू पुरवू लागले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका, जास्त अवजारांचा चाकू नोंदवला. आज जगभर ओळखला जाणारा लाल चाकू त्याचाच वंशज. पुढे आईच्या ‘व्हिक्टोरिया’ या नावाला न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झालं.

यातलं ‘स्पार्टन’ सगळ्यांत जास्त दिसतं, पण त्यात बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री स्क्रू असतो. आपल्याकडे त्याचा उपयोग मुख्यतः घट्ट बसलेली गाठ सोडवायला. चष्मा वापरत असाल तर मात्र त्याच स्क्रूच्या वळणात बसणारा चिमुकला पेचकस वेगळा मिळतो आणि चष्म्याच्या दांडीचा ढिला स्क्रू त्याने जागच्या जागी आवळता येतो. घरात स्विचबोर्ड, खेळणी, कुकरचं हँडल अशी कामं असतील तर ‘टिंकर’ घ्या, त्यात फुलीचा पेचकस आहे. ‘सुपर टिंकर’मध्ये कात्री आणि एक आकडाही येतो. सुतळीने बांधलेला मिठाईचा जड पुडा त्या आकड्यात अडकवून नेला की दोरी बोटांत रुतत नाही. मला एकच चाकू ठेवायला सांगितलं तर मी सुपर टिंकर ठेवेन.

याचं पोलाद मुद्दाम फार कडक केलेलं नसतं, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास. त्यामुळे धार लवकर उतरते, पण तेवढीच लवकर परतही येते आणि गंज सहसा लागत नाही. मुंबई-कोकणच्या हवेत हा मोठा गुण आहे.

*क्लासिक.* हाही व्हिक्टोरिनॉक्सचाच, ५८ मिलिमीटरचा, किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारा. पातं, कात्री, कानस, चिमटा आणि दातकोरणी. शहरात नोकरी करणाऱ्या, कधी चाकू न बाळगलेल्या माणसासाठी ही उत्तम सुरुवात. कात्री आकाराच्या मानाने खूपच चांगली असते.

*कॅडेट.* त्याच कंपनीचा, ८४ मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या खडबडीत मुठीचा. चपटा असल्याने शर्टाच्या खिशातही कळत नाही. चिमटा आणि दातकोरणी नाहीत, पण हाताला फार छान लागतो.

*ओपिनेल नंबर ८.* फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा शेतकऱ्यांचा चाकू घडवला. १८९७ पासून त्याचे आकार नंबरने ओळखले जाऊ लागले. नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर. मूठ बीच लाकडाची, आणि १९५५ पासून गळ्याशी पातं अडकवणारी फिरती कडी. पातं इतकं पातळ की काकडीचे काप पारदर्शक निघतात. तरी शहरात रोज खिशात ठेवायला तो मला लांब वाटतो. माझ्या लेखी तो ट्रेकचा आणि डब्याबरोबरचा चाकू. साधं कार्बन पोलाद आणि न गंजणारं, असे दोन प्रकार मिळतात. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात फिरणाऱ्याने न गंजणाराच घ्यावा.

*कलमाचा चाकू.* याच्याकडे शहरी लोक बघतही नाहीत. कृषी सेवा केंद्रात किंवा बागकामाच्या दुकानात आंब्याचं, गुलाबाचं कलम बांधायला लागणारे घडीचे चाकू मिळतात. स्वस्त, धारदार आणि शेतीकामासाठीच बनवलेले. काहींना साल उचलायची छोटी जीभ असते. यांची धार पुष्कळदा एकाच बाजूने काढलेली असते, त्यामुळे दगडावर त्याच बाजूने घासायची. दुसरी बाजू सपाटच राहू द्यायची. हात बसेपर्यंत सरावाला यासारखा चाकू नाही.

ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या डी२ पोलादाच्या चाकूंविषयी खूप विचारणा होते. डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असतं, पण कार्बनही भरपूर असल्याने ते पूर्णपणे गंजरोधक नाही. धार महिनोन्महिने टिकते हे खरं. पण किनाऱ्याजवळ राहत असाल, घाम जास्त येत असेल, तर पात्यावर तांबूस ठिपके उठतात. नाशिक-नगरच्या कोरड्या हवेत ठीक, रत्नागिरीत नको.

५. खरेदी करताना

नकली लाल चाकू रस्त्यावर आणि ऑनलाइन ढिगाने मिळतात. ओळखायच्या खुणा अशा. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव स्पष्ट, सरळ कोरलेलं असतं. चाकू उजेडापुढे आडवा धरून बघा, थरांमध्ये फट दिसता कामा नये. प्रत्येक अवजार उघडताना आणि मिटताना टक् असा एकसारखा आवाज येतो. नकलीत एक अवजार घट्ट तर दुसरं सैल लागतं. कात्रीने पातळ पिशवीचं प्लास्टिक कापून पाहा. खरी कात्री टोकापर्यंत कापते, नकली प्लास्टिक चावून दुमडते.

शक्यतो दुकानात हातात घेऊनच घ्या. मुठीचा आकार तुमच्या तळव्याला बसतो का हे फोटोत कळत नाही. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवू नका. पार्सल कस्टममध्ये अडकलं तर मनस्ताप होतो. मुंबईत लोहार चाळीच्या आणि पुण्यात बोहरी आळीच्या हार्डवेअर दुकानांत धारेचे दगड चांगले मिळतात, ते मात्र तिथूनच घ्या.

जवळ ठेवायचं सामान आणि कागद:

– चाकूचं पक्कं बिल, मोबाइलमध्ये त्याचा फोटो
– दोन बाजूंचा धारेचा दगड, एक बाजू जाड, एक बारीक
– जुना चामडी पट्टा, रेक्झिनचा चालणार नाही
– काळं मार्कर पेन आणि एक रुपयाची तीन नाणी
– केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन, छोटी बाटली
– लाकडी टूथपिक आणि सुती फडकं

बिल का, तर वॉरंटीसाठी लागतंच, आणि वस्तू कुठून, कशासाठी घेतली हे कुणी विचारलं तर दाखवता येतं.

६. हाताळायच्या सवयी

उघडताना नखाच्या खाचेतून उघडा, झटका देऊन नाही. कापताना धारेच्या वाटेत आपलं कोणतंही बोट, मांडी किंवा शेजाऱ्याचा हात नको. मांडीवर खोकं घेऊन स्वतःकडे पातं ओढणं ही सगळ्यांत वाईट सवय. ट्रेकवर झालेल्या जखमांत मी ही पुन्हा पुन्हा बघितली आहे. फळ हातात धरून कापायचं असेल तर अंगठ्याकडे धार ओढू नका, फळ झाकणावर किंवा ताटलीत ठेवा.

दुसऱ्याला देताना मिटून द्या. गर्दीत, लोकलमध्ये, रिक्षात उघडू नका. पार्सल उघडायचं असेल तर आजूबाजूच्यांना दिसेल असं, सावकाश उघडा आणि काम झालं की लगेच मिटा. मित्रांमध्ये उघडझाप करत बसू नये.

पडणारा चाकू पकडायला हात पुढे करू नका. पडू द्या.

कापलंच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, रक्त थांबलं की पाण्याने धुवा. जखम खोल असेल किंवा बोट नीट वाकत नसेल तर दवाखान्यात जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

७. धार लावणं: इथे घाई नको

बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि जोर लावला की तो निसटतो. म्हणून धार ही सुरक्षिततेची बाब आहे. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कात्री, स्वयंपाकघरातली सुरी खुशाल द्या, त्यात त्यांचा हात बसलेला असतो. खिशातला चाकू देऊ नका. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं. कडेला निळसर झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, आणि मग त्या जागी धार टिकत नाही. शिवाय चाक एका बैठकीत जेवढं पोलाद खातं तेवढं दगड वर्षभरातही खात नाही.

आधी धार कुठे गेली ते बघा. टेबलावरच्या दिव्याखाली पातं उलटं, धार वर करून धरा आणि हळूहळू कलतं करा. धारदार कडा दिसतच नाही. बोथट झालेल्या जागी प्रकाशाचा पांढरा ठिपका किंवा रेष चमकते. बहुतेकदा ती टोकाजवळ आणि मध्यावर सापडते.

आता कोन. स्विस चाकूला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश पुरतात. अंदाजाने धरण्यापेक्षा नाण्यांचा आधार घ्या. एक रुपयाचं हल्लीचं नाणं साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. तीन नाण्यांची चळत दगडावर ठेवा आणि पात्याची पाठ त्या चळतीवर टेकवून धार दगडाला लावा. १५ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला हा कोन साधारण १७ अंशांचा पडतो. हाताला तो ओळखीचा झाला की नाणी काढून टाका, घासताना ती ठेवायची नाहीत.

मार्करने धारेची दोन्हीकडची तिरपी कड काळी करा. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही, वरून पाणी शिंपडा. ज्या दगडाला एकदा तेल लावलं त्याला पुढे पाणी चालत नाही, तेव्हा पहिल्या दिवशीच पाणी ठरवा आणि पाण्यावरच राहा. दगडावरून साय काढतोय अशा हलक्या हाताने, धार पुढे ठेवून, बुडापासून टोकापर्यंत एका ओढीत पातं न्या. टोकाशी येताना पाठ किंचित वर उचलायची, कारण तिथे धार वळते. चार-पाच ओढींनंतर काळी शाई बघा. शाई फक्त वरच्या भागाची गेली असेल तर पातं जास्तच आडवं पडलंय. फक्त टोकदार कडेची गेली असेल तर जास्त उभं झालंय. सगळी गेली तर कोन बरोबर.

एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला ‘कोर’ उठेपर्यंत. ही पोलादाची सूक्ष्म दुमड असते आणि ती डोळ्यांनी धड दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या पलीकडे निसटेल असा आडवा ओढा. धारेच्या लांबीवरून बोट कधी फिरवू नका. अंगठ्याला बारीक खरखर लागली की कोर उठली. ती पूर्ण लांबीवर लागली पाहिजे. नवखे लोक इथेच थांबतात, मध्यावर कोर उठते आणि टोकाशी काहीच नसतं. मग बाजू बदला आणि तेच करा. त्यानंतर बारीक बाजूवर, चाकूच्या वजनाइतक्याच दाबाने, एक ओढ इकडे एक तिकडे. कोर हळूहळू झिजते.

शेवटी चामडी पट्टा. तो टेबलाच्या कडेवर ताणून धरा, आतली खरबरीत बाजू वर. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जाईल. वीसेक ओढी पुरतात.

परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर घ्या. एका हाताने कागदाचं वरचं टोक धरा आणि पातं कडेपासून खाली आणा. सरसर एकसारखा आवाज आला तर झालं. कुठे अडकून कागद फाटला तर त्याच जागेची कोर शिल्लक आहे. पिकलेला टोमॅटोही चालतो. न दाबता साल कापली गेली पाहिजे.

एवढं सगळं वारंवार करावं लागत नाही. मधूनमधून पट्टा फिरवत राहिलात तर दगड काढायची पाळी क्वचितच येते.

८. आंब्याचा रस, घाम आणि पाऊस

हापूसच्या मोसमात चाकूचे सांधे चिकटतात. रस आत उतरतो, सुकतो आणि पातं अर्ध्यावर अडखळतं. सगळी अवजारं उघडून कोमट पाण्यात बुडवा आणि पाण्यातच उघडझाप करा. टूथपिकने कोपऱ्यातला मळ काढा, पूर्ण वाळवा, मग सांध्यावर लिक्विड पॅराफिनचा एक थेंब. खोबरेल तेल लावू नका. ते कालांतराने खवट आणि चिकट होतं, थंडीत गोठतं. शिवणयंत्राचं तेल सांध्याला चालतं, पण ज्या पात्याने खायचं कापता त्याला नको.

लिंबू, कोकम, चिंच कापल्यावर पातं लगेच पुसा. साध्या कार्बन पोलादाचं पातं आंबटामुळे आणि कांद्यामुळे करडं-निळसर होतं. तो गंज नाही, उलट तो थर थोडंफार संरक्षणच करतो. तांबूस, बोटाला लागणारी पूड म्हणजे गंज. ती तेल आणि फडक्याने ताबडतोब काढा.

ओपिनेलची मूठ कधीच पाण्यात बुडवायची नाही. जून-जुलैच्या दमट हवेतही लाकूड फुगतं आणि पातं आत असं आवळून बसतं की नखाने उघडत नाही. तिथे पक्कड वापरू नका. कडी मोकळ्या जागी फिरवा आणि मुठीचं मागचं टोक टणक लाकडावर ठोका. पातं थोडं बाहेर येतं, मग बोटांनी उघडा. सॅव्हॉयचे लोकही असंच करतात. पावसाळ्याआधी सांध्याच्या खाचेत आणि मुठीला कच्चं जवसाचं तेल दोन-तीनदा चोळून वाळू दिलं की फुगणं खूप कमी होतं. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

वर्षाची मोठी साफसफाई मी खंडेनवमीला करतो. घरातली हत्यारं, अवजारं त्या दिवशी पूजेला निघतातच, त्याबरोबर चाकूचे स्क्रू, रिव्हेट, कात्रीची स्प्रिंग तपासून होते.

९. घरी कधी ठेवायचा

विमानाच्या केबिनमध्ये कुठलाही चाकू चालत नाही, किल्लीला लटकणारा दीड इंचीसुद्धा नाही. चेक-इन बॅगेत, मिटून, फडक्यात गुंडाळून नेता येतो. बहुतेक चाकू विमानतळावर जातात ते किल्लीच्या जुडग्यात विसरल्यामुळे. प्रवासाच्या आदल्या रात्री जुडगं, लॅपटॉप बॅगेचे आतले कप्पे आणि जॅकेटचे खिसे रिकामे करा. तरी सापडलाच तर सोडायला आलेल्या माणसाकडे देता येतो का, किंवा परत जाऊन चेक-इन बॅगेत टाकता येतो का, ते सुरक्षा रक्षकांना विनंती करून विचारा. कधीकधी वेळ असते. पातं नसलेलं ‘जेटसेटर’ नावाचं छोटं मॉडेल निघालेलं आहे, कात्री आणि इतर बारीकसारीक अवजारं असलेलं. सतत उड्डाणं करणाऱ्याने त्याचा विचार करावा. तरीही अंतिम शब्द तपासणी करणाऱ्याचा.

मेट्रो, मॉल, सिनेमागृह, स्टेडियम, न्यायालय, मंत्रालय आणि तपासणी असलेली मोठी देवस्थानं इथे चाकू नेऊ नका. शाळा-कॉलेजच्या आवारात तर मुळीच नको. परीक्षेच्या दिवशी मुलांच्या दप्तरातून काढून ठेवा. मिरवणुकीला, सभेला, मोर्चाला जाताना तो घरच्या ड्रॉवरमध्येच बरा.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथला कायदा आधी बघावा. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. म्हणजे टिंकर चालेल. ओपिनेल नंबर ८ कुलपामुळे आणि लांबीमुळेही बसत नाही, त्याला सबळ कारण लागतं. जर्मनीत एका हाताने उघडून अडकणारे चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर नेता येत नाहीत आणि २०२४ मध्ये तिथले नियम आणखी कडक झाले. अमेरिकेत राज्याराज्यांत, काही ठिकाणी शहराशहरांत फरक आहे, त्यामुळे गाडीने राज्य ओलांडण्याआधी पुढच्या राज्याचा नियम वाचा. भारतातून भेट म्हणून कुणाला चाकू नेणार असाल तर तो चेक-इन बॅगेतच टाका, मूळ खोक्यात, बिलासकट.